सॅम्पल पास होईपर्यंत

१२ जानेवारी

ताईचा हुकूम आहे की डॉक्टर जे बोलतील ते घरी येऊन लगेच लिहून ठेवायचं. "तिथे नंदीबैलासारखी मान हलवतोस आणि जिना उतरेपर्यंत सगळं विसरतोस, मीही तशीच होते," म्हणाली. ताई माझी थोरली बहीण. तिला हाच आजार झाला त्याला बरीच वर्षं झाली. ऑपरेशन झालं, मग रोज एक बारकी गोळी, आणि आज बाई ठणठणीत आहे, फोनवर मला झापते. त्यामुळे आमच्या हिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा मी घाबरलो, पण मनात म्हटलं, चला, निदान रस्ता ओळखीचा आहे.

तर लिहितो. सुई घालून तुकडा काढला होता त्याचा रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरचीच. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी चित्र काढून समजावलं. काही गाठी शरीरातल्या हार्मोनवर पोसतात. तसल्या गाठीच्या पेशींत हार्मोन धरून ठेवायला जागा असते, तिला रिसेप्टर म्हणायचं. असे हार्मोनचे दोन, आणि तिसरं एक हर-टू म्हणून असतं, त्याचं औषध वेगळं. तुकड्याची पातळ चकती कापतात, तिच्यावर रंगाची प्रक्रिया करतात आणि रिसेप्टर असेल तिथे तपकिरी रंग धरतो. हिच्या तुकड्यात तिन्ही वेळा रंग धरला नाही. म्हणून ताईची गोळी हिला लागू नाही. गोळी ती जागा अडवते, इथे अडवायला जागाच नाही. हर-टूचं औषधही नाही. केमो, तीसुद्धा लगेच, आणि मग ऑपरेशन.

रंग धरला नाही म्हटल्यावर माझे कान टवकारले. उभा जन्म माझा कापडं रंगवण्यात, रंगाच्या हंड्यापाशी गेला आहे. मी विचारलं, "पाणी कसलं वापरता? रंग जुना तर नव्हता?" हिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं.

१५ जानेवारी

आज परत गेलो, एकटाच. दोन दिवस डोक्यात हेच घोळत होतं. आमच्याकडे एखाद्या लॉटनं रंग धरला नाही तर आम्ही कापडाला शिव्या घालत नाही. आधी पाणी बघतो, मीठ बघतो, सोडा कधी पडला ते बघतो. दहातल्या नऊ वेळा चूक आपलीच निघते. मी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारलं, तुकडा काढल्यावर औषधात घालायला उशीर झाला तर रंग धरायचा राहतो की नाही? त्या म्हणाल्या, "राहू शकतो. क्वचित होतं तसं."

बघा! होतं म्हणाल्या!

त्यांनी दुसऱ्या लॅबमधून तपासून घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. तुकडा मेणात बसवून जपून ठेवलेला असतो, तोच पाठवता येतो. पण म्हणाल्या, "तोवर केमो सुरू करू. तपासणी तिकडे होत राहील, तिचं काही बिघडत नाही." हे मला पटलं नाही. आमच्या धंद्यात एकच नियम आहे, माझ्या वडिलांनी मला कानाला धरून शिकवलेला: सॅम्पल पास झाल्याशिवाय माल हंड्यात सोडायचा नाही. एकदा सोडला की तो परत पांढरा होत नाही.

१६ जानेवारी

हिला घेऊन गेलो. माझं म्हणणं मी मांडलं. ही गप्प बसून ऐकत होती, मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "थांबलं तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "मी थांबा म्हणणार नाही. ही जात पळणारी आहे." हिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. ही म्हणाली, "हे म्हणतील तसं."

येताना मी तिला समजावलं की डॉक्टर लोकांना घाई असतेच. एकदा दुसरा रिपोर्ट आला आणि ताईसारखी गोळी मिळाली, की केस जायला नकोत, उलट्या नकोत, घरच्या घरी औषध. ती हो म्हणाली. तिला गोळीच हवी आहे, मला माहीत आहे.

२५ जानेवारी

तुकडा मोठ्या शहरातल्या लॅबला गेला आहे. वाट बघणं. माझा स्वभाव वाट बघण्याचा नाही, भट्टीवाल्यावर उगाच खेकसलो.

ही एरवी दुकानात पुढे बसते, पार्टीशी बोलते, कपड्याला चिठ्ठी लावते. आज तिनं मुलीला शेजारी बसवून सगळं शिकवलं. कोणती पार्टी शेडवरून भांडते, कुणाला उन्हात नेऊन दाखवायचं, कुणाला ट्यूबलाइटखाली मुळीच दाखवायचं नाही. मुलगी म्हणाली, "आई, मला हे कशाला? मला नोकरी आहे." ही म्हणाली, "असू दे. शिकलेलं वाया जात नाही." बरंच झालं म्हणा, गोळी चालू झाल्यावरही तिला थोडी विश्रांती लागेल.

२ फेब्रुवारी

मुलीशी कडाक्याचं वाजलं. ती म्हणते, "बाबा, तू आईला विचारलंस का?"

मी म्हटलं, "डॉक्टरांसमोर विचारलं. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाली."

"ती चपला घेतानासुद्धा तुम्ही म्हणाल तसं म्हणते! तिला विचारणं म्हणजे तुलाच विचारणं झालं."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, चार पुस्तकं शिकलीस म्हणून बापाला अक्कल शिकवू नकोस, मी काय तिच्या वाईटावर आहे? ही स्वयंपाकघरातून आली आणि मुलीलाच रागावली. "त्यांच्या जिवाला काय लागलंय ते तुला नाही कळायचं," म्हणाली. मग मात्र मला बरं वाटलं. घरात निदान एक माणूस आपल्या बाजूचं आहे.

६ फेब्रुवारी

ही हल्ली जिन्यात मधेच बसते. मला वाटलं दम लागतो की काय. म्हणाली, "छे, रस्ता बघत होते." आमच्या जिन्याच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते.

पाठ दुखते म्हणते. गादी जुनी झाली आहे, खड्डा पडला आहे मधे. नवी सांगून आलो.

११ फेब्रुवारी

दुसरा रिपोर्ट आला. तेच. तिन्हीला रंग नाही.

मी मघापासून इथे बसलो आहे आणि लिहायचं काय ते सुचत नाही. तुकडाच तो. मुळात तुकडाच बिघडलेला असेल तर दहा लॅब काय करणार? पालथ्या घड्यावर पाणी. कापड नासलं असेल तर दुसऱ्या हंड्यात घालून काय होतं? नवीन तुकडा काढायला हवा, आणि काढल्याबरोबर औषधात पडायला हवा, माझ्या डोळ्यांदेखत.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलल्या. "काका, तुम्हाला हवा तो रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही तपासत राहणार आहात का?" मी म्हटलं, मला खरा रिपोर्ट हवा आहे. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. हिनं बाही वर केली, जणू सुई तिथेच टोचणार होते. म्हणाली, "काढा एकदा. ह्यांच्या मनाचं समाधान."

गाठ तपासताना डॉक्टरीणबाईंनी बोटांनी मोजली आणि आधीचा कागद काढून बघितला. मग पुन्हा मोजली. नवा आकडा कागदावर लिहिला.

१३ फेब्रुवारी

नवीन तुकडा काढला. मी दाराशी उभा होतो, काढल्या काढल्या बाटलीत गेला, शंका नको. ही बाहेर आली तेव्हा ओठ चावून चावून लाल झाले होते. मी म्हटलं, "झालं ना आता?" म्हणाली, "झालं."

खोकते आहे. सोड्याच्या वाफेनं असणार. दुकानात यायचं नाही म्हणून तिला बजावलं.

२१ फेब्रुवारी

आज लॅबच्या बाईंनी मला आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं असणार की हा म्हातारा डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऐकायचा नाही. बाई पोक्त आहेत, शांत बोलतात. सूक्ष्मदर्शकाला दोन जोड्या भिंगं होती, एकीतून त्या बघणार, एकीतून मी. त्या म्हणाल्या, "तुम्ही रंगारी ना? मग तुम्हीच सांगा काय दिसतंय."

आधी नुसता फिकट निळा दिसला. सगळीकडे निळे ठिपके, दाटीवाटीनं, वेडेवाकडे. "ह्या गाठीच्या पेशी," म्हणाल्या. तपकिरी कुठेच नाही. मी म्हटलं, तेच तर म्हणतोय मी, रंगच धरलेला नाही. त्यांनी काच जराशी सरकवली. कडेला एक बांगडीसारखं गोल आलं, आणि त्या गोलात तपकिरी. चांगला पक्का, सारखा तपकिरी. मी असा रंग काढला असता तर छाती फुगवून पार्टीला दाखवला असता.

"ही तुमच्या मिसेसची चांगली नळी. दुधाची. गाठीच्या शेजारची. हिच्यात रिसेप्टर आहेत, म्हणून हिनं रंग धरला. चकती एकच, रंग एकच, वेळ एकच. रंग बिघडलेला असता तर हीसुद्धा निळीच राहिली असती. आम्ही दर वेळी आधी हे बघतो. तुमच्या पहिल्या तुकड्यातही हे होतं."

मी भिंगावरून डोळा काढला नाही. काढला असता तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

सुती कापड पॉलिस्टरच्या दोऱ्यानं शिवून आणतात लोक आणि रंगवायला देतात. कापड रंगतं, शिलाई पांढरीच्या पांढरी. मग पार्टी येते तणतणत. आजवर किती जणांना मी हसून सांगितलं असेल, "अहो, रंगाचा दोष नाही, तो दोरा रंग घेतच नाही, शंभरदा बुडवा." बाईंनी मला तेच सांगितलं. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला इतका वेळ दिला नसता.

घरी आल्यावर हिला म्हटलं, "रिपोर्ट बरोबर होता." ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "जेवायला वाढू का?"

२३ फेब्रुवारी

सोमवारी केमो सुरू करायची. त्याआधी स्कॅन पुन्हा करायचा म्हणाल्या, खोकल्यामुळे. मी म्हटलं, खोकला सोड्याचा आहे. "असू दे, करू," म्हणाल्या.

२७ फेब्रुवारी

फुफ्फुसांत आहे. दोन्ही. यकृतातही.

जानेवारीतल्या स्कॅनमध्ये नव्हतं. म्हणजे दिसत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याला दिसण्याइतकं मोठं नसेल तेव्हा. आता ऑपरेशनचा विषय नाही. केमो द्यायची, ती जितकी रोखेल तितकी. बरी होईल का, असं मी विचारलं. "बरं होणं हा शब्द आता वापरणार नाही मी," म्हणाल्या. मुलगी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. माझ्याशी बोलली नाही, घरी येईपर्यंत नाही, आल्यावर नाही.

नवीन गादी आली आहे. ही तिच्यावर आडवी होऊ शकत नाही, उशा लावून बसूनच असते.

८ मार्च

ताई राहायला आली आहे. सगळा स्वयंपाक हातात घेतला आहे तिनं, मला चहासुद्धा करू देत नाही. पण एक बघतोय, ती तिची गोळी न्हाणीघरात जाऊन घेते. दार लावून. आज हिच्या ध्यानात आलं. म्हणाली, "ताई, इथे बसून घ्या हो. थांबा, पाणी देते." आणि उठायला लागली. ताईनं तोंडाला पदर लावला आणि न्हाणीघरात परत गेली. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काय वाईट बोलले?"

मला ताईचा राग येतो. तिच्या पेशींनी रंग धरला म्हणून. काय माणूस आहे मी! सख्ख्या बहिणीच्या जगण्याचा राग येतो मला.

१७ मार्च

केस गेले. मी इतका त्या केसांना घाबरलो होतो, आणि गेले तेव्हा कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं. त्या दिवशी तिला श्वास घेता येत नव्हता.

दुकान मुलगी बघते. नोकरीवर रजा टाकली आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते: हा लॉट कधी, ती पार्टी आली होती. आज एका शेडवर माझं मत विचारलं. मी बघितलं आणि मला सांगता येईना. हिरवट आहे की पिवळट, कळेना. म्हटलं, तूच ठरव.

२६ मार्च

आज जरा बरी होती, बोलत होती. मी धीर करून विचारलं, "अगं, तुला तेव्हाच सुरू करायचं होतं का? जानेवारीत?"

"करायचं तर होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?"

"ऐकलं असतं की!"

ती हसली. हसताना खोकला आला, मग पाणी दिलं, पाठ चोळली. तो विषय तिथेच राहिला. मी ऐकलं असतं. तिनं एकदा ठामपणे म्हणायला हवं होतं. म्हणजे, मला वाटतं मी ऐकलं असतं.

४ एप्रिल

केमो लागू पडत नाही. आहे त्याहून वाढलं आहे. औषध बदलून बघू, पण अंगात ताकद नाही, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. सर्दी असेल.

९ एप्रिल

आज तिला खुर्चीत बसवून नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पायाची सूज बघितली, दुखण्यावरचं औषध वाढवलं. पुढची केमो द्यायची नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे हिनंच सांगितलं. "आता पुरे," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही, मला विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट माझ्या छातीवर बसून होती, ती आज विचारायचीच असं ठरवून गेलो होतो. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, एक विचारू? जानेवारीत तुम्ही म्हणालात त्याच दिवशी जर आपण..."

"डॉक्टर," ही मधेच म्हणाली, चांगलं मोठ्यांदा, "मला तिखट खाल्लेलं चालेल का हो?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत हिच्याकडे. म्हणाल्या, "चालेल. जे आवडेल ते खा." आणि घंटा वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

मी चिडलो. आठवडाभर हिच्या घशाखाली दोन घासांवर काही उतरलेलं नाही, आणि विचारते काय, तर तिखट! घरी आल्यावर म्हटलंच, "मी एवढं महत्त्वाचं विचारत होतो आणि तुझं मधे काय तिखटाचं?"

ती उशांना टेकून डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "ठाऊक आहे काय विचारत होतात ते."

"मग?"

"त्या बाई खोटं बोलत नाहीत."

"तेच तर! म्हणूनच विचारत होतो."

"आणि खरं सांगितलं असतं तर? तुम्ही बसला असता डोकं धरून. तुमचा स्वभाव मला ठाऊक नाही?" तिनं थांबून थांबून श्वास घेतला. "ताईंचे गुडघे दुखतात. पोरगी दुकानात. मला उठवायला, बसवायला कोण आहे? तुम्हीच ना? तुम्ही उभे राहायला हवे आहात मला. मी गेल्यावर काय विचारायचं ते विचारा."

मी तिच्या पाठीमागची उशी सारखी केली.

थोड्या वेळानं म्हणाली, "उठवा. जाऊन येते."

काखेत हात घालून उभं केलं. न्हाणीघरापर्यंत नेलं, आत बसवलं आणि दार लोटून बाहेर उभा राहिलो.

"आहात ना?" आतून म्हणाली.

"आहे," म्हटलं.